उजवा वरचा कोपरा

मे महिना. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या थंडगार अंधारात
आम्ही बेचाळीस जण चित्रपट बघायला शिकतो आहोत.
निरगुडकर मॅडम फळ्यावर लिहितात:
पात्रे. आशय. शैली.
आणि खडूची बोटं ओढणीला पुसतात.

कालचा चित्रपट काळापांढरा होता.
एक कारकून, पगार बारा रुपये,
खोटी सही करतो
आणि मग चित्रपटभर हात धूत राहतो.
मी वहीत पाणी मोजलं:
तीनदा विहिरीचं, एकदा नदीचं, एकदा नुसता आवाज.
शैलीखाली लिहिलं,
कॅमेरा त्याच्याकडे कधी खालून बघत नाही,
म्हणून तो कधी मोठा दिसत नाही.
हे वाक्य मला फार आवडलं. दोनदा अधोरेखित केलं.

मागच्या रांगेतून मणियारचाचांनी हात वर केला.
नाना पेठेतल्या एका थेटरात
चौतीस वर्षं मशीन चालवलं त्यांनी.
तिथे आता सोफ्यांचं दुकान आहे.
फी मुलीने भरली, घरात भांडत बसता त्यापेक्षा जा म्हणाली.

"मॅडम, हा पिक्चर मी दोनशे वेळा लावलाय.
पाहिला नाही."
वर्ग हसला.
"रीळ चढवा, कार्बन सरकवा, मागचं गुंडाळा.
मान वर करायची ती रीळ संपताना.
तेव्हा पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो.
पहिला ठिपका, दुसरी मोटर चालू.
दुसरा ठिपका, बदल.
चुकलात तर पांढरा पडदा आणि खालून आईबहिणीचा उद्धार.
म्हणून मी हिरो नाही पाहिला, कोपरा पाहिला.
आपला सिनेमा रुमालाएवढा."

"मग कोपऱ्यात काय होतं?"
मॅडम खरंच विचारत होत्या.

"पहिल्या रिळाला फांदी. दुसऱ्याला आढ्याची कडी.
तिसऱ्याला काही नाही, आभाळ.
चौथ्याला बाई.
माडीच्या खिडकीत. खाली तो सही करतोय तेव्हा.
पदर दातात धरलेला.
बघते, आणि खिडकी लावून घेते.
पुढे अख्ख्या पिक्चरमध्ये ती नाही.
तुम्ही म्हणालात, त्याला कुणी पाहिलं नाही
म्हणून तो आतून कुरतडला जातो.
पाहिलंय त्याला. तिने. आणि मी."

मॅडमनी चित्रपट मागे नेला.
चौथं रीळ आता रीळ नाही, पट्टीवरचा आकडा.
कारकून वाकला. टाक बुडवला.
वर भिंत. भिंतीवर पडद्याची कड.
प्रत नवी, धुऊन काढलेली,
ओरखडे गेले, ठिपके गेले,
आणि चौकट आत घेतलेली, चहूबाजूंनी बोटभर.
कडेला एक आडवी रेघ होती.
खिडकीचा उंबरा असेल.
पोपडाही असेल.

"दुसऱ्या पिक्चरची असेल मग ती,"
चाचा म्हणाले, आणि बसले.

सुट्टीत टपरीवर मी विचारलं,
लुगडं कसलं होतं तिचं?
"काळापांढरा पिक्चर, ताई."
कटिंग संपवलं. ग्लास उलटा करून शेवटचा थेंब झटकला.
"हिरवं."

रात्री टिपण लिहायला बसले, वीस गुणांचं.
पात्रांच्या खाली चौथं नाव नसलेलं पात्र लिहिलं.
पुढे पुरावा लिहायचा असतो.
बराच वेळ पेन तिथेच धरलं,
शेवटी कागदावर एक ठिपका पडला.
माझं ते लाडकं वाक्य मात्र खोडलं,
कारण वरून कोणी बघत असेल
तर माणूस किती मोठा दिसतो,
हे मला ठाऊक नाही.

आज दुसरा चित्रपट. दिवे गेले.
बेचाळीस तोंडं नायिकेकडे.
मी कोपऱ्याकडे बघते: विजेची तार, तिच्यावर काहीतरी बसलेलं,
कावळा का पतंग, कळायच्या आत दृश्य बदललं.
शेजारच्या खुर्चीवर चाचांचा अंगठा
हाताच्या लाकडावर हळूच दाबला जातो.
दुसरी मोटर चालू.