पेजफाइल

हर्णै बंदरच्या सोसायटीत
कॉम्प्युटर आहे दोन जीबीचा.
डिझेलच्या कोट्याचं रजिस्टर उघडलं
की आतली डिस्क करकरते,
शाकारायला ओढलेल्या होडीखालच्या ओंडक्यांसारखी.

नासीर होडेकर म्हणाला,
पेजिंग बंदच करा मॅडम.
मेमरीत मावत नाही ते डिस्कवर नेतो,
लागलं की परत आणतो.
नुसत्या खेपा.

केलं बंद.
दोन दिवस बिनआवाजाचे. मी चहासुद्धा गरम प्यायले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, खाली लिलाव पुकारत असताना,
एकशे बारा नौकांची यादी
आणि वर प्रिंटर.
मेमरी अपुरी, म्हणाला,
आणि पडदा काळा.

'जानकीप्रसाद'चे दोनशे चाळीस लिटर
कुठेच नाहीत.
तिचा तांडेल खिडकीशी उभा,
कार्ड पुढे केलेलं.
आकडा मलाही आठवेना.

त्याने कमरेची काडेपेटी काढली,
उलटी केली.
मागे बॉलपेनने, थोडं पुसलेलं: २४०.

"डोक्यात कुठं ऱ्हातंय बाय,
म्हणून हितं ठेवतंय."

तो गेल्यावर मी पेजिंग चालू केलं.
डिस्क करकरतेय.
नासीरला अजून सांगितलेलं नाही.