चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह

चिठ्ठीवर सर्जनने लिहिलंय: कोपर, उजवा, गाठ,
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह,
ज्याच्या आकड्यात अडकलेला माणूस
तीन रात्री झोपलेला नाही.

पायगोंडा मगदूम. वय एकसष्ट. हुपरी.
पैंजणांना घुंगरू जोडण्यात गेलेले हात.
सोबत मुलगा शीतल, बापापेक्षा जास्त घाबरलेला,
म्हणून राजारामपुरीतल्या पार्किंगबद्दल बोलणारा.

"मुंगी चावल्यागत हुईल," मेहरून सांगते.
"मुंगी चालंल," ते म्हणतात. "खेकडा नको.
कर्क म्हंजे खेकडाच न्हवं?"

गाठीत सुई शिरते
आणि टोकाशी वाळू करकरते.
रक्त नाही, पू नाही.
काचेवर उतरतो पांढरा ओला भुगा,
फळ्याखाली खडूचा साचतो तसा.

मेहरून सवयीने रंगाच्या बरणीकडे वळते.
थांब. एक काच कोरडी ठेव.
हे पाण्यात विरघळून गेलं
तर पेशींच्या गर्दीत आपण
उगाच गुन्हेगार शोधत बसू.

दिवा घालवते.
दोन गाळण्या, एक आडवी, एक उभी.
अंधार.
अंधारात सुया,
जुड्याच्या जुड्या,
पिवळ्या; काच फिरवली की निळ्या.
भोवती राक्षसी पेशी,
न गिळवणारा घास तोंडात धरून दमलेल्या.

"मटण? तांबडा-पांढरा?"
कोल्हापुरात विचारायचं तसं विचारते.
शीतल पहिल्यांदा हसतो. "आम्ही जैन, मॅडम.
चातुर्मासात कांदासुद्धा नाही."
मग भट्टीपाशी बसणं, पाणी कमी,
रक्तदाबाची जुनी गोळी, थोडं वाडवडिलांचं.
रिपोर्टात कारणाला रकाना नसतो.

ते डोळा लावतात नळीला,
दागिन्याचा सांधा तपासावा तसा. बराच वेळ.
"ह्यो माल माझ्याच अंगात तयार झाला?"
"हो. युरिक ॲसिडचे खडे."
"लई बारीक काम हाय."
मग कोपर चोळत:
"मजुरी मात्र आमच्याकडनंच घेतली."

मी टाईप करते: युरेटचे स्फटिक.
अर्बुदाच्या पेशी आढळल्या नाहीत.
ते ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचतात,
'नाहीत'पाशी थांबतात,
आणि पार्किंगचे वीस रुपये मुलाकडे मागतात.

पुढची चिठ्ठी गडहिंग्लजची.
मान, डावी बाजू. वय एकोणीस.
प्रश्नचिन्ह त्याच पेनाचं.