अर्थ लागत नाही

वाडी नाक्याच्या पुढे, टायरवाल्याच्या पाठीला पाठ लावून
माझं दुकान. दहा बाय बारा.
नोव्हेंबरात डोमा दुधपचारे पिकअप घेऊन आला,
मागे शिंगाड्यांची रिकामी पोती,
त्यांच्यात रामटेकच्या तळ्याचा वास तसाच ओला.
म्हणाला, झेनॉन लावून दे. पांढरे. एकदम पांढरे.

मी म्हटलं, त्रेचाळीसशेचा घे, जरा पिवळट,
पण धुक्यात रस्ता तोच दाखवतो.
आठ हजारवाला नुसता निळा, वरातीतल्या घोड्यासाठी.
तो म्हणाला, मले शो नाही पाहिजे भाऊ.
मागल्या महिन्यात खिंडसीच्या वळणावर
काहीतरी लागलं गाडीले.
उतरून पाह्यलं, काहीच नव्हतं.
बंपरवर चार केस.
कशाचे, ते अजून नाही समजलं.

मी पुढं विचारलं नाही. बॉनेट उघडलं.

जुना हॅलोजन निघाला, काळा पडलेला.
नवा रुमालात धरून बसवला,
काचेला बोट लागलं की तिथंच तडकतो तो,
बोटाचं तेल लक्षात ठेवून.
बॅलास्ट मागच्या पत्र्याला, रिले बॅटरीशी,
तीसचा फ्यूज, पॉझिटिव्ह थेट.
उजवीकडच्या अर्थिंगसाठी पॉलिश पेपरने रंग घासला,
खालून पत्रा चकचकीत निघाला, बोल्ट आवळला.
डावीकडे हात घातला
आणि चहा आला.

अंधार पडल्यावर मोटवानीच्या गोडाऊनच्या भिंतीवर
खडूने आडवी रेघ मारली. बटण दाबलं.
आधी जांभळा, मग हळूहळू पांढरा होत
उजेड भिंतीला चिकटला,
आणि स्टुलावरच्या चौकीदाराने
दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.
शिवी दिली नाही. तसाच बसून राह्यला.
मी स्क्रू फिरवला. खाली. अजून खाली.
रेघेखाली चार बोटं.
काहून बे एवढं खाली, डोमा म्हणाला.
म्हटलं, समोरून येणाऱ्यालेबी डोळे असतेत.

रात्री दोन चाळीसला फोन.
डावा फडफडून राह्यला. आता गेलाच.
कुठं आहेस?
तो थोडा थांबला. वळणावर.

आधी बंद कर, म्हटलं, आणि गरम होल्डरले हात नको लावू,
पेटताना तेवीस हजार व्होल्ट असतेत त्याच्यात.
डावा बॅलास्ट उजवीकडे लाव, उजवा डावीकडे.
बिमारी जागा बदलते का, पाय.
पान्ह्याचा आवाज. त्याचा श्वास. लांब कुठंतरी टिटवी.
मी गोधडीत बसून ऐकत होतो,
बायको कुशीवर वळली.
नाही बदलली, तो म्हणाला. डावाच गेला.
म्हणजे बॅलास्ट चांगला आहे.
म्हणजे अर्थ लागत नाही.

कशाचा, त्यानं विचारलं.

मला चहा आठवला. आल्याचा, अर्धा कप.
आणि डाव्या बोल्टाखालचा तो फॅक्टरीचा रंग,
जसाच्या तसा, गुळगुळीत.
म्हटलं, डावीकडचा काळा वायर. बोल्ट खोल.
चावीनं रंग खरवड. चूक माझी आहे.

बराच वेळ खरवडण्याचा आवाज. मग तोही नाही.
डोमा?
आहे, तो म्हणाला. लाइट नाही लावला अजून.
चांदणं आहे भाऊ. डोळे बसले आता.
तळं दिसून राह्यलं, वेल दिसून राह्यले,
रस्त्याच्या कडेले काहीतरी उभं आहे,
मलेच पाहून राह्यलं.

काय आहे?

हलू दे त्याले आधी, तो म्हणाला,
मग लावतो.

फोन कापला नाही त्यानं. मीही नाही.
सकाळी कॉटन मार्केटातून परतताना थांबला,
दोन किलो शिंगाडे काउंटरवर ठेवले.
मी मजुरीतले शंभर परत केले, त्यानं मोजून खिशात घातले.
डावा कसा आहे, विचारलं.
चांगला आहे, म्हणाला. पोती झटकत राह्यला.