चाळणीत उरलेलं

'विष्ठा' म्हणायचं, असं सरांनी शिकवलं.
चांदोरीत सरळ म्हणतात, वाघराचा गू.
मी पाकिटावर लिहिते: नमुना एकोणचाळीस,
उसाचा बांध, नदीपासून दोनशे पावलं,
सकाळी सहा वीस. ओला.

नाशकातल्या खोलीवर, घरमालकीण देवळात गेली
की मी तो मोरीत धुते.
पाणी चाळणीतून निघून जातं, केस राहतात.
उंदराचा केस आतून शिडीसारखा,
डुकराचा राठ, टोकाला फाटलेला.
अडतीस नमुन्यांत कुत्री सतरा,
घुशी, डुकरं, एक मांजर, मोराच्या पिसाचा देठ.
माणूस: शून्य.

हे शून्य घेऊन मी ग्रामसभेत उभी राहिले.
फळ्यावर बाण काढले:
पोल्ट्रीची घाण बांधावर, घाणीवर कुत्री,
कुत्र्यांमागं वाघरू.
मागून कुणीतरी म्हणालं,
"ताई, लाइट रात्री दीडला येते.
तुमचं शून्य येईल का संगं, पाणी भरायला?"
सगळे हसले. मीही हसले, उशिरा.
फळ्यावर रात्रीचा दीड कुठंच नव्हता.

आता एकोणचाळीस.
काळे-पांढरे केस. शेळी.
आणि केसांत अडकलेला, पीळ न सुटलेला
हिरव्या लोकरीचा बोटभर धागा.

हा धागा मी ओळखते.
चांगुणा बर्डेच्या ओट्यावर चहा पिताना
ती वळत होती तो, मांडीवर, थुंकी लावून.
शेळी गेली तेव्हा ती वनरक्षकाकडं गेलीच नाही.
"पंचनाम्याला मढं लागतं," म्हणाली,
"मढं काय तो माझ्यासाठी ठेवून जाणार?"

धागा कागदात गुंडाळून नेला.
काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा ठरवलं.
तिनं तो उजेडात धरला, हुंगला,
"साबण लावलास व्हय," म्हणाली.
मग विचारलं, "सापडलं तेव्हा ओलं होतं?"
"हो."
"कुठल्या अंगाला?"
"मोटारीच्या खोलीकडं."

ती उठली.
दोन्ही करडं उचलून घरात नेली,
दार लावलं, कडी ओढून पाहिली.
"मागच्या गुरुवारी नेली, अन् अजून हितंच हाय.
पिल्लं असतील तिला."
पुढं काहीच बोलली नाही,
शिव्या नाहीत, कळवळा नाही.
चुलीपुढं बसून नवा धागा वळायला घेतला.

जे शोधायला मला दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली
ते तिनं चार प्रश्नांत, उभ्या उभ्या.

नमुना एकोणचाळीस. शेरा:
मादी असावी. माहितीचा स्रोत...
इथं पेन थांबलं.
तक्त्यात तेवढी जागा नव्हती.
समासात लिहिलं, आडवं, तिचं पूर्ण नाव.