कानाला खडा

मी वॉशिंग मशीनचं मन बोलून दाखवलं होतं,
लेक्टरच्या सुरात, म्हणजे त्या सपाट, कोरड्या सुरात
ज्यात आमच्या पोलंडमध्ये टीव्हीवरची सगळी परदेशी माणसं बोलतात,
प्रेयसी, खुनी, खुन्याची आई, सगळी एकाच गळ्यातून.
"आज पुन्हा एकच मोजा," मी मशीनच्या वतीने म्हणाले,
आणि तीन दिवसांत एकवीस लाख लोकांनी तो मोजा पाहिला.

त्या आठवड्यात वूच शहरात
बेकरीवालीने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.
ट्राममध्ये दोन मुलींनी मला म्हणायला लावलं, मोजा.
म्हणाले. पुन्हा म्हणाले.
तोंडओळख झाली गावभर.
आवाजाला काम आहे का, हे कुणी विचारलं नाही.

एक साबणवाले आले. पैसे नाहीत म्हणाले,
पण पोहोच मिळेल.
मी घरमालकीणबाईंना विचारून पाहिलं,
त्या भाड्यात पोहोच घेत नाहीत.

मग फ्रिजचं मन. मग केटलीचं.
केटलीला नऊशे.
मध्यरात्री मी नऊशे एक झाले का ते बघत होते
आणि नऊशे एकावा बघणारा
मीच होते.

झेमोवित चाळीस वर्षं लेक्टर होते.
आंबट सफरचंदाची फोड पुढे करत म्हणाले,
खा, तोंडातली चिकचिक जाते.
आणि हे बघ हाल्श्का,
सिनेमा संपल्यावर माणसाला वाटलं पाहिजे
की त्या इटालियन बाईला पोलिश येत होतं.
मग माझं काय? मी विचारलं.
तुझं बिल, ते म्हणाले. तीस दिवसांत आलं नाही
तर फोन कर. आवाज न चढवता.

तेव्हापासून कपाटात बसते,
नवऱ्याच्या दोन कोटांमध्ये, मांडीवर उशी.
बॉयलरची सुरक्षा, पाने एकशे बारा.
अकरा गावांतल्या लिफ्टची दारं.
वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं की थांबते,
पाणी पिते, तेच वाक्य
त्याच उंचीवरून पुन्हा उचलते.
आठवड्याला वीस पत्रं लिहिते. एकोणीस गप्प.
विसावं विचारतं: याहून थोडं कमी आनंदी जमेल?
जमतं.

मार्चमध्ये पोटात कळ आली. पित्ताशयात खडे.
मला त्या लांब पांढऱ्या नळीत सरकवलं,
कानांवर मोठे हेडफोन, हातात रबरी फुगा:
घाबरलात तर दाबा.
मी घाबरले. दाबणारच होते
एवढ्यात एक बाई म्हणाली,
श्वास घ्या.
सोडा.
रोखा.

मी रोखला.
आणि रोखलेल्या श्वासातच ओळखलं
सहा वर्षांपूर्वीचं ते सर्दीतलं अनुनासिक "रोखा",
दोनशे झ्लॉटीचं, ज्याचे पैसे आले होते
चौथ्या फोननंतर.

सतरा वेळा तिने सांगितलं.
सतरा वेळा मी ऐकलं तिचं,
मी, जी कुणाचं ऐकत नाही.
आणि किती जणांनी ऐकलं असेल या नळीत पडून,
घाबरलेल्या, तापलेल्या, देवाचं नाव घेणाऱ्या,
कुणीही तिला नाव विचारलं नसेल.
फुगा मात्र सोडून दिला असेल हातातून.

बाहेर आल्यावर तंत्रज्ञ मुलगा म्हणाला,
ठीक आहात ना? काहींना ती बाई जरा खडूस वाटते.
मी म्हटलं, सर्दी झाली असेल तिला.
त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.
अहो, तुम्ही त्या मोज्यावाल्या ना?

आता इथे एखादीने कानाला खडा लावला असता.
मी लावला नाही. खरं सांगते,
त्याच्यासाठी म्हणून दाखवलं, मोजा,
अगदी मशीनसारखं. तो हसला, मलाही बरं वाटलं.

मग घरी आले. पोट दुखत होतं तरी
कपाटाचं दार ओढून घेतलं.
श्चेचिनच्या जलतरण तलावाची आठ वाक्यं होती,
सोमवारची मुदत.
कृपया काठावरून धावू नका.
एकदा जरा मायेने म्हटलं. ते पुसलं.
पुन्हा म्हटलं,
काठ ओला आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखं.