पुंगळी

जानेवारीत औषध कंपनीची ग्रीटिंगं येत.
पांढरकवड्याहून एम.आर. यायचा, कानाला मफलर,
गाडीच्या टाकीवर बॅग, बॅगेत बारा म्हातारे.
प्रत्येकाखाली नाव, साल, इंग्रजीतून एक ओळ.
आत नववर्षाच्या शुभेच्छा
आणि खोकल्याच्या औषधाची बाटली.

डॉक्टर उगेमुगे बाटलीकडे बघायचे नाहीत.
कार्डं माझ्याकडे सरकवत म्हणायचे, "लाव रे कुठेतरी."
मी कंपाउंडर. डिंक माझ्याकडेच असायचा.
ओपीडीच्या भिंतीवर, ओल नव्हती तिथे,
एक रांग लावली.

खैरगावच्या बायांनी त्यांना आपापली नावं दिली.
भिंगातून बघणारा दाढीवाला, तो सोनारबुवा.
टक्कल पडलेला, खाली बघणारा:
"हा रडून आला वाट्टे."
(हात धुवा म्हणाला म्हणून लोकांनी त्याला वेड्यात काढलं,
हे डॉक्टरांनी सांगितलं, हात धुता धुता.)
एकजण पोराचा दंड धरून बसलेला.
त्याच्यासमोर जंगलू गायक्याची पर्बता थांबली,
लसीची रांग पुढे सरकली तरी थांबली.
"लेकराची माय कुठी हाय?"
मी कार्ड उघडून पाहिलं.
आत खोकल्याचं औषध होतं.

बारावा किडकिडीत, हातात लाकडी नळी.
त्याची गोष्ट मागे छापलेली, बारीक अक्षरात.
दुपारी डिक्शनरी घेऊन लावली:
एक बाई दवाखान्यात आली.
तिच्या छातीला कान लावायचा त्याला संकोच वाटला,
म्हणून त्यानं कागद गुंडाळला.
एवढंच.
माझा विश्वास बसला नाही.
मी रोज शंभर पुड्या बांधायचो.

शंकरपटाचे दिवस.
जीपचा ड्रायव्हर पटावर, डॉक्टर नागपूरला मिटिंगमध्ये,
लाइन संध्याकाळपासून गेलेली.
रात्री अकराला पेंदोरांची सून आणली बैलगाडीतून.
कळा थांबलेल्या. पोटात काल सांजेपासून हालचाल नाही.
शेवंता सिस्टरनं ड्रॉवर उपसला.
नळी मागच्या महिन्यात चेपली होती,
नवीनसाठी स्टोअरला अर्ज दिलेला, दोनदा.
तिनं पोटाला कान लावला. उठली. पुन्हा लावला.
"दादा, माहंच काळीज ऐकू येऊन राहिलं."

कंदील माझ्या हातात होता. उजेड भिंतीवर गेला.
नखानं सोडवताना डिंकासोबत चुन्याचा पापुद्राही आला.
चेहरा आत जावा की बाहेर,
अशा वेळी कोण विचार करतो? मी केला.
बाहेर ठेवला.

सिस्टरनं पुंगळी बेंबीखाली, डावीकडे टेकवली.
गाडीवानाला म्हणाली, घुंगरमाळा धर.
तो दोन्ही बैलांच्या गळ्यांना मिठी मारून
अंगणात उभा राहिला.

मग तिचं बोट हवेत हलू लागलं.
माझ्या घड्याळाच्या काट्यापेक्षा घाईनं,
पटात जोडी सुटते तसं.
एकशे अडतीस मोजले. पुन्हा मोजले,
एकशे चाळीस.
सासू म्हणाली, "मलेबी आयकू दे."
खूप वेळ वाकून राहिली. कानातलं कागदाला घासत होतं.
"घाईत हाय," म्हणाली,
आणि चहाचं विचारायला बाहेर गेली.

पहाटे मुलगी. दोन किलो सहाशे.

सोमवारी डॉक्टरांनी भिंत पाहिली. "बारावा कुठे आहे?"
सांगितलं. ते काही बोलले नाहीत,
स्टोअरला तिसरा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला.

कार्ड परत लावलं, पण राहत नव्हतं.
डिंक लावला, टाचण्या लावल्या,
जन्ममृत्यूची रजिस्टरं रात्रभर वर ठेवली.
सकाळी उचलली की पुन्हा गोल.
एम.आर. म्हणाला, "हे बिघडलं, दुसरं देतो."
दिलं. भिंतीवर ते आहे, सरळ.

हे माझ्याकडे, पुड्यांच्या कागदांजवळ.
एका टोकाला तेलाचा डाग.
ड्रॉवर ओढला की
घरंगळत पुढे येतं.