लुक

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, कँटीनच्या वरच्या मजल्यावर
मंगळवारी सातला मिसेस रोबॉटम
फळ्यावर एकच क्रियापद लिहितात: लुक.
मग त्याच्या शेजारी खडूने टेकवतात
ॲट, फॉर, इन्टू, आफ्टर.
"चिमूटभर शब्द. पण धनी हेच.
क्रियापद बिचारं नुसतं राबतं."

सेमहारच्या बोटांना अजून हॅडॉकचा वास.
पाळी संपवून तशीच आलेली.
वहीत लिहिते:
आय लुक आफ्टर माय ब्रदर.

बाई लाल पेन उघडतात.
भाऊ धाकटा? आजारी असतो का?

नाही. होडी कलंडली
तेव्हा तो पलीकडच्या कडेला बसला होता.
चार वर्षं झाली.
अजून याद्या येतात, छावण्यांच्या, इस्पितळांच्या.
मी नावं वाचते.

"मग इथे फॉर..." म्हणत बाई थांबल्या.

पण आफ्टर म्हणजे नंतर ना? सेमहार विचारते.
तुम्हीच शिकवलंत, आफ्टर लंच, आफ्टर वर्क.
तो गेल्यानंतर मी बघते.
बघतच असते.

हीटर खडखडला.
खाली कुणीतरी खुर्च्या उलट्या करून
टेबलांवर ठेवत होतं.
बाईंनी लुकच्या पुढे
एक स्वल्पविराम दिला, बारीक,
आणि पेनला टोपण लावलं.

मी मागच्या बाकावर.
माझ्या भाषेत पाहण्याला अव्यय लागत नाही,
आधी नुसती वाट ठेवायची.
हे तिला सांगायचं होतं.
तेवढं इंग्रजी
अजून आलं नव्हतं.